लपणे आणि चाहूल (टेबलटॉप भूमिकाखेळ)

टेबलटॉप भूमिकाखेळांत, म्हणजे खेळाडू टेबलाभोवती बसून एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घेतात अशा खेळांत, एखादे पात्र दुसऱ्याच्या नजरेतून किंवा कानांतून निसटते की नाही, हे ठरवणाऱ्या नियमांचा समूह. लपणाऱ्याच्या कौशल्यास ‘स्टेल्थ’ आणि चाहूल घेणाऱ्याच्या कौशल्यास ‘पर्सेप्शन’ ही नावे खेळाडूंमध्ये रूढ आहेत. फासा कसा टाकावा हे नियमपुस्तके नेमके सांगतात. लपण्याजोगी स्थिती आहे की नाही, हा निर्णय मात्र बहुतेक वेळा गेम मास्टरवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या सूत्रधारावर, सोडलेला असतो, आणि अर्थनिर्णयाचे जवळजवळ सर्व वाद तेथूनच उद्भवतात.

या नियमांचा उगम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळातील चोर या पात्रवर्गात असल्याचे सामान्यतः सांगितले जाते. ते अंशतःच खरे आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या मूळ खेळात चोर नव्हता. पण दोन पक्षांची अवचित गाठ पडली असता सहा बाजूंच्या फाशावर १ किंवा २ आल्यास तो पक्ष गाफील सापडला, असा नियम होता. गुप्त दार दिसणे आणि दाराआडचा आवाज ऐकू येणे हेही त्याच फाशावर ठरे. चोर प्रकाशित स्वरूपात १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत आला. त्याचा मसुदा गायगॅक्सने बहुधा १९७४ च्या मध्यास एका अल्पप्रसार वार्तापत्रात छापला होता, आणि मूळ कल्पना कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील छंदवस्तूंच्या एका दुकानाशी निगडित खेळाडूंकडून आल्याचे सांगितले होते. श्रेय कोणाचे किती, यावर मतभेद आहेत. कल्पना त्या गटाची आणि चोराच्या कौशल्यांच्या टक्केवारीचे कोष्टक गायगॅक्सचे, ही विभागणी अधिक संभाव्य वाटते.

त्या कोष्टकाने एक मोठा प्रश्न मागे ठेवला. १९७८ च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीत पहिल्या पातळीच्या चोरास सावलीत लपण्याची १० टक्के आणि निःशब्द चालण्याची १५ टक्के शक्यता दिलेली आहे. एका मतानुसार इतर पात्रांना असे कोष्टकच नसल्याने त्यांना लपताच येत नाही. दुसऱ्या मतानुसार झुडपामागे कोणीही लपू शकतो, आणि चोराचे कौशल्य जेथे नुसती सावली आहे, आडोसा नाही, अशा जागेपुरते आहे. गाफीलपणाचा नियम चोराच्या आधीपासून सर्वांनाच लागू होता, हे ध्यानात घेता दुसरे मत मूळ रचनेशी अधिक सुसंगत ठरते.

तिसऱ्या आवृत्तीने (२०००) लपणे व निःशब्द चालणे, तसेच पाहणे व ऐकणे ही कौशल्ये वेगळी ठेवून दोन्ही बाजूंच्या फाशांची तुलना करण्याची पद्धत घेतली. चौथ्या आवृत्तीने (२००८) ती एकत्र केली आणि ‘पॅसिव्ह पर्सेप्शन’ रूढ केले, म्हणजे मुद्दाम शोध न घेणाऱ्याची सावधगिरी १० अधिक कौशल्यांक इतकी धरणे.

पाचव्या आवृत्तीच्या (२०१४) नियमांचा अर्थ कसा लावावा, हे विदर्भातील शिवाराच्या उदाहरणाने स्पष्ट होते. यवतमाळकडील एखाद्या वावरात तुरीच्या ओळींतून पाच पात्रे रात्री पुढे सरकत आहेत आणि मचाणावर जागलीला बसलेला राखणदार आहे, असे मानावे. प्रथम प्रकाश ठरवावा लागतो. नियमांनुसार चांदण्या रात्रीही बहुधा अंधारच धरला जातो. मेळघाट व ताडोबात मचाणावरून वन्यप्राणी पाहण्यासाठी जी निवडतात, त्या बुद्धपौर्णिमेसारख्या लख्ख रात्रीच मंद प्रकाश मानता येतो. मंद प्रकाशात डोळ्यांनी घेतलेली चाहूल प्रतिकूल ठरते आणि पॅसिव्ह पर्सेप्शन ५ ने घटते, म्हणजे १३ चे ८ होते. पूर्ण अंधारात साधी दृष्टी निरुपयोगी होते, पण कान शाबूत राहतात. म्हणूनच तुरीऐवजी पानगळीतल्या सागवनातून, वाळलेल्या पानांवरून जायचे असेल तर अंधार असूनही फासा टाकायला लावणे योग्य होय. राखणदाराजवळ कुत्रे असेल तर हिशेब उलटतो : २०१४ च्या पुस्तकातील मास्टिफ कुत्र्याचे पॅसिव्ह पर्सेप्शन १३ आहे, आणि वास किंवा आवाज यांवर विसंबल्यास ते १८ होते. धुऱ्याआड दबून बसल्याने वास लपत नाही, त्यामुळे वाऱ्याची दिशा गेम मास्टरने आधीच सांगितलेली बरी.

फासे किती वेळा टाकायचे, हा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे, जरी पुस्तकांत त्याला जागा थोडी मिळाली आहे. पाचही पात्रांना प्रत्येकी ६० टक्के यशाची शक्यता असेल आणि एकाच्या चुकीने सगळे उघडे पडणार असतील, तर संपूर्ण गट निसटण्याची शक्यता सुमारे ८ टक्केच उरते. प्रत्येक ओळ ओलांडताना पुन्हा फासा मागितल्यास ती शून्याकडे जाते. निम्म्यांनी साधले तर गटाने साधले, हा गट-चाचणीचा नियम लावल्यास हीच शक्यता सुमारे ६८ टक्के होते. परिस्थिती बदलेपर्यंत एकच निकाल कायम ठेवणे न्याय्य आहे.

२०२४ च्या सुधारित नियमांत लपण्यासाठी दाट आवरण किंवा किमान तीन-चतुर्थांश आडोसा, शत्रूच्या दृष्टिरेषेबाहेर असणे आणि चाचणीत किमान १५ गुण आवश्यक आहेत. यशस्वी पात्रास ‘अदृश्य’ ही अवस्था मिळते. असे पात्र तुरीतून निघून मोकळ्या पांदणीवर उभे राहिले तरी अदृश्यच राहते काय, यावर दुमत आहे. शत्रूला सापडताच ही अवस्था संपते असे नियम म्हणतो आणि उघड्यावर समोर दिसणे हे सापडणेच होय, हा अर्थ येथे ग्राह्य मानला आहे.

‘पाथफाइंडर’ या वेगळ्या भूमिकाखेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने (२०१९) हा संदेह बराच कमी केला. तीत दिसणारा, जागा ठाऊक असलेला पण न दिसणारा, जागाही ठाऊक नसलेला आणि अस्तित्वाचीच कल्पना नसलेला अशा चार अवस्था असून त्या प्रत्येक निरीक्षकासाठी स्वतंत्र मोजल्या जातात. त्यामुळे तेच पात्र राखणदारापासून लपलेले आणि त्याच्या कुत्र्याला ठाऊक असलेले राहू शकते.