ओसीडीसाठी डीबीएस: अर्ज नेमका कुठे अडतो

तीव्र ओसीडीसाठी (नको ते विचार पुन्हा पुन्हा येणे आणि त्यापायी त्याच त्या कृती करत राहणे, असा मनाचा आजार) डीप ब्रेन स्टिम्युलेशन (डीबीएस: शस्त्रक्रियेने मेंदूत तारा बसवून बॅटरीच्या यंत्राने सौम्य विद्युत स्पंदने देणे) करायचे की नाही हे निवड समिती ठरवते, आणि समितीला दिसते ती फाईल. पात्रतेचे आकडे केंद्रागणिक थोडे बदलतात, गाभा सारखाच: वय १८ च्या पुढे, आजार साधारण पाच वर्षे जुना, वाय-बॉक्स (ओसीडीची तीव्रता मोजणारी, मुलाखतीवर आधारलेली चाचणी) गुण ४० पैकी २८ किंवा जास्त. अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व उपकरणांना परवानगी देणारी संस्था) २००९ मध्ये दिलेल्या मर्यादित परवानगीत किमान तीन एसएसआरआय (ओसीडीत पहिल्यांदा दिली जाणारी, सर्ट्रालीनसारखी औषधे) निष्फळ ठरलेली असावीत अशी अट आहे. अनेक केंद्रे क्लोमिप्रामिन हे जुने औषध आणि जोडीला अँटिसायकोटिकही दिलेले असावे असे म्हणतात.

'सगळ्या गोळ्या झाल्या' या वाक्याला किंमत नाही. प्रत्येक औषधाचे नाव, गाठलेला सर्वांत मोठा डोस आणि त्या डोसवर काढलेले आठवडे लागतात. सर्ट्रालीन ५० मिलिग्रॅमवर महिनाभर घेतली असेल तर ती धरत नाहीत. २०० मिलिग्रॅम किंवा सोसेल तेवढा डोस, १२ आठवडे, असा हिशेब असतो. त्रासामुळे औषध सोडले असेल तर कोणत्या डोसवर काय झाले तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. जुन्या चिठ्ठ्या नसतील तर त्या दवाखान्यातून उपचारांचा सारांश मागा.

बऱ्याच फाईली अडतात त्या ईआरपीवर, म्हणजे भीती वाटते त्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाऊन (एक्सपोजर) नेहमीची कृती न करण्याचा सराव देणाऱ्या थेरपीवर. 'समुपदेशन केले' एवढ्याने भागत नाही. सुमारे २० सत्रे, कोणते एक्सपोजर दिले, कुठे थांबले, हे थेरपिस्टच्या सहीने हवे. ईआरपी येणारा थेरपिस्ट शोधूनही सापडत नाही आणि समिती पत्राशिवाय हलत नाही, याचा संताप येणे साहजिक आहे. तरीही अट अनाठायी नाही: शस्त्रक्रियेनंतरही बहुतेकांना ईआरपी करावीच लागते.

वाय-बॉक्सच्या मुलाखतीत रुग्ण लाजेने कमी सांगतात, आणि घरचे त्यांच्या वतीने जी धुणी-तपासणी करतात ती सांगायची राहून जाते. गुण २४ वर येतात, फाईल परत. खरे तेवढे सगळे सांगा.

संमती रुग्णाची स्वतःची. नातेवाइकांची सही तिची जागा घेत नाही. एमआरआय, रक्त गोठण्याच्या चाचण्या, न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी केंद्रच करून घेते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा.

रिचार्ज न होणारी बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, पुन्हा छोटी शस्त्रक्रिया करून. मंजुरीत तो खर्च आणि महिनोन् महिने चालणारे प्रोग्रामिंग (यंत्राची स्पंदने रुग्णाला जुळतील अशी लावत जाणे) धरले आहे का, हे अर्ज देतानाच लेखी विचारून घ्या.