पणजीत सायकल नेमकी कुठे अडते?

कामावर सायकलने का जात नाही, असं पणजीत कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं: घाम येतो, चढ आहेत. दोन्ही खरं, पण किती खरं ते मोजता येतं.

कांपालहून मिरामारला जाणारा मांडवीकाठचा रस्ता जवळपास सपाट. तिथे ताशी १५ किलोमीटरने सायकल मारायला साधारण ५० वॉट पुरतात. मात्र स्नायू खर्चलेल्या ऊर्जेपैकी २०-२५ टक्केच कामाला लावतात, बाकीची उष्णता होते. म्हणजे दीडशे-दोनशे वॉट अंगाबाहेर टाकायचे. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २,४०० ज्यूल घेऊन जातो. सगळा भार घामावर टाकला तरी पंधरा मिनिटांत साठ-सत्तर ग्रॅम, अर्ध्या कपाहून कमी.

तोही चालत्या सायकलवर वाऱ्याने वाळत जातो. खरी फजिती सिग्नलला होते. वारा थांबतो, पण अंगात साठलेली उष्णता बाहेर येतच राहते आणि मघापर्यंत कोरडा असलेला शर्ट मिनिटभरात पाठीला चिकटतो. पावसाळ्यात तर हवेत बाष्प इतकं, की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेल्या घामाने अंग थंड होत नाही.

आल्तिनोच्या टेकडीवर राहणाऱ्यांची तक्रार मात्र रास्त आहे. शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी १० किलोमीटरलाही सव्वाशे वॉट लागतात. त्यावर बॅटरीची सायकल हा चांगला उपाय: मोटर २५० वॉटहून कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर ना नोंदणी, ना परवाना.

पण पुण्याचं काय? तेही एके काळी सायकलींचं शहर. उन्हाळा तोच राहिला, पर्वतीही जागची हलली नाही. सायकली तेवढ्या गेल्या आणि स्कूटर आल्या. म्हणून माझा संशय हवामानावर नाही, शेजारून जाणाऱ्या गाडीवर आहे.

२०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती. नोंदलेली वाहनं आता १५ लाखांच्या वर आहेत. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ताशी ३०ऐवजी ५०च्या वेगाने बसलेली धडक पावणेतीन पट जबर. रायबंदरचा सतराव्या शतकातला कॉजवे घ्या: तीनेक किलोमीटर, एकही चढ नाही. तरी मागून भरधाव बस आली की हँडल आपोआप कडेला वळतं. तिथे ५०ऐवजी ३०ने गेलं, तर बसवाल्याची अडीच मिनिटंही जात नाहीत.