किल्ली, पूल आणि माणसं: व्याकरणातले लिंग विचारात किती उतरते?

भाषा विचार घडवते का, या चर्चेत एक दाखला हटकून पुढे येतो. किल्ली जर्मनमध्ये पुल्लिंगी, स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी. पुलाचे नेमके उलटे. एका प्रयोगात जर्मन भाषकांना किल्ली टणक, जड, दातेरी वाटली. स्पॅनिश भाषकांना सोनेरी, इवलीशी, चकाकती. पूल जर्मनांना सुंदर आणि सडपातळ दिसला, स्पॅनिश भाषकांना मोठा, धोक्याचा, भक्कम. मराठीतही किल्ली ‘ती’ आणि पूल ‘तो’, त्यामुळे हे आपल्याला लगेच पटते. २००३ साली छापून आलेल्या एका पुस्तकातल्या प्रकरणात हा प्रयोग आहे. त्याच्यावर जेवढा भार टाकला गेला, तेवढा तो पेलत नाही.

प्रश्न जुना आहे. व्याकरणमहाभाष्यात, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या पतंजलीच्या भाष्यात, तो अगदी सरळ मांडला आहे. शरीराच्या खुणांवरून स्त्री-पुरुष ठरत असतील, तर खट्वा म्हणजे खाट स्त्रीलिंगी आणि वृक्ष पुल्लिंगी कशामुळे? ‘पत्नी’ याच अर्थाचे दार पुल्लिंगी, भार्या स्त्रीलिंगी आणि कलत्र नपुंसकलिंगी, ही तर संस्कृत शिकणाऱ्याच्या परिचयाची त्रयी. शब्दाचे लिंग शिकवायचे कारण नाही, ते लोकांच्या वापरावर अवलंबून असते, असे तिथे म्हटले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे उत्तर पुढच्या कित्येक सिद्धांतांपेक्षा शहाणपणाचे आहे.

एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासकांमध्ये दोन तट पडले. आदिमानवाच्या कल्पनाशक्तीने निर्जीव वस्तूंनाही स्त्री-पुरुष मानले आणि त्यातून लिंगव्यवस्था आली, असे एका तटाचे म्हणणे. दुसरा तट म्हणे की, शब्दांच्या शेवटाच्या रूपांवरून गट पडले आणि स्त्री-पुरुषाचा अर्थ त्यांना मागाहून चिकटला. १९१५ मध्ये हिटाइट भाषेचा उलगडा झाला. संस्कृत आणि जर्मन ज्यात मोडतात त्या भारत-युरोपीय कुळातल्या या अतिप्राचीन भाषेत सचेतन आणि अचेतन असे दोनच वर्ग निघाले. स्त्रीलिंग हा स्वतंत्र वर्ग नंतर तयार झाला असावा, या मताला त्याने मोठे बळ मिळाले.

भाषा आणि विचार यांच्या नात्याचा विसाव्या शतकातला सिद्धांत मात्र लिंगावर उभा नव्हता. त्याची चर्चा अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या होपी भाषेतल्या काळाविषयी होती: होपीत काळ दाखवणारी रूपेच नाहीत, म्हणून होपी लोक काळाचा विचारही वेगळा करतात, असे त्याचे म्हणणे. मूळ लेखन १९३० च्या दशकातले, गाजले ते १९५६ च्या संग्रहानंतर. १९६९ मध्ये वेगवेगळ्या भाषांतल्या रंगनामांत सारखेपणा दाखवणाऱ्या तुलनेने त्याला पहिला जोराचा धक्का दिला, आणि १९८३ मध्ये होपीत काळ दाखवणारी रूपे भरपूर आहेत हे सोदाहरण दाखवले गेले. सिद्धांत मोडीत निघाला असे वाटत असतानाच १९९० च्या दशकात तो सौम्य रूपात परतला. ‘डावा-उजवा’ऐवजी ‘उत्तर-दक्षिण’ अशा दिशांनी बोलणारे लोक टेबलावरच्या वस्तूंची मांडणीही त्याच दिशांनी लक्षात ठेवतात, असे दिसले. किल्ली आणि पूल याच लाटेवर आले.

प्रयोगाची रचना पाहिली की अडचण कळते. जर्मन आणि स्पॅनिशमध्ये लिंग उलटे असलेली २४ नामे निवडली. ती इंग्रजीतून दाखवली, कारण इंग्रजीत निर्जीव नामाला लिंग नाही. प्रत्येक नामासाठी मनात येणारी पहिली तीन विशेषणे लिहून घेतली. मग ती विशेषणे कुठल्या नामाची आणि कोणी लिहिलेली, हे माहीत नसलेल्या इंग्रजी भाषकांकडून ‘पुरुषी की बायकी’ असे गुण देऊन घेतले. कल्पना चांगली होती. पण विशेषणांचा हा भाग पूर्ण आकडेवारीसह स्वतंत्र शोधनिबंध म्हणून कधी छापून आला नाही. सगळे जण त्या प्रकरणातला सारांशच उद्धृत करत राहिले. २०१४ मध्ये प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा परिणाम आला नाही.

२०१९ मध्ये अशा ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. परिणाम मिळणे बऱ्याच अंशी कामाच्या स्वरूपावर अवलंबून असते, हे त्यातून स्पष्ट झाले. ‘जेवणाच्या या काट्याला बाईचा आवाज द्याल की पुरुषाचा?’ असे विचारले, तर त्याला खरे उत्तरच नसते. माणूस मग हाताशी असेल तो आधार घेतो, आणि सर्वांत जवळचा आधार म्हणजे शब्दाचे लिंग. अशा कामातून वस्तूविषयीची धारणा कळत नाही, उत्तर शोधायची युक्ती तेवढी कळते. स्त्री-पुरुषाचा उल्लेखच नसलेल्या कामांत परिणाम पुष्कळदा विरतो. दुसरी गोष्ट मराठीसाठी जास्त महत्त्वाची आहे. २००२ च्या एका अभ्यासात आवाज देण्याच्या कामात फ्रेंच आणि स्पॅनिश भाषकांवर लिंगाचा प्रभाव दिसला, जर्मन भाषकांवर दिसला नाही. फ्रेंच-स्पॅनिशमध्ये लिंगे दोन, जर्मनमध्ये तीन. नपुंसकलिंग असले की लिंग आणि स्त्री-पुरुषभेद यांची गाठ सैल होते, हे त्याचे एक स्पष्टीकरण. मराठीतही लिंगे तीनच.

खरा परिणाम माणसांच्या नामांत सापडतो, आणि तो या गाजलेल्या दाखल्याच्या सावलीत झाकला गेला याची खंत वाटते. २००८ च्या एका अभ्यासात वाचकांना आधी ‘समाजसेवक स्टेशनातून चालले होते’ अशा धर्तीचे वाक्य दिले. मग दुसरे वाक्य, ज्यात त्यांतल्या काही स्त्रियांचा किंवा काही पुरुषांचा उल्लेख. दुसरे वाक्य पहिल्याला जुळते का, एवढेच सांगायचे. इंग्रजी वाचकांचे उत्तर व्यवसायाच्या रूढ प्रतिमेवर ठरले. फ्रेंच आणि जर्मन वाचकांनी मात्र, व्यवसाय बायकांचा समजला जाणारा असला तरी, पुरुषांचा उल्लेख अधिक सहज स्वीकारला. पुल्लिंगी अनेकवचन ‘सर्वांसाठी’ असते हा नियम त्यांना पाठ होता, तरी डोळ्यांसमोर पुरुषच उभे राहिले.

हा नियम कायद्यात लिहून ठेवलेला आहे. पुल्लिंगी शब्दात स्त्रियांचाही समावेश मानावा, असे ब्रिटिश संसदेने १८५० मध्ये ठरवले. भारतात १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम १३ मध्ये तेच आले. अर्थ लावताना कायद्याला हे पुरते. वाचताना डोळ्यांपुढे कोण येते, यावर कलमाचा इलाज नाही. फ्रान्समध्ये पदांची स्त्रीलिंगी रूपे वापरण्याचे परिपत्रक १९८६ मध्ये निघाले, पण तिथल्या भाषेच्या अधिकृत संस्थेची मान्यता मिळायला २०१९ उजाडले.

मराठीत या प्रश्नासाठी लागणारी सामग्री व्याकरणातच तयार आहे. मुलगे आणि मुली एकत्र आले की आपण ‘मुलं आली’ म्हणतो. माणसं, पोरं, लेकरं, सगळी नपुंसकलिंगी. पण ‘विद्यार्थी आले’, ‘शिक्षक आले’ पुल्लिंगी. एकाच भाषेत मिश्र गटासाठी दोन वाटा असल्याने दोन भाषांची तुलना करण्याची गरज उरत नाही. प्रयोगासाठी वाक्ये रचताना मात्र तीन ठिकाणी फसगत होते. ‘डॉक्टर आले’ हे आदरार्थी एकवचनही असू शकते, म्हणून ‘चार डॉक्टर’ असा आकडा हवा. ‘विद्यार्थी’च्या शेजारी ‘विद्यार्थिनी’ आहे, ‘डॉक्टर’ला तशी रुळलेली जोडी नाही, हे दोन प्रकार एका गटात घालता येत नाहीत. तिसरी बाब क्रियापदाची. ‘विद्यार्थी निघाले’ यात नाम आणि क्रियापद दोन्ही पुल्लिंग दाखवतात. ‘विद्यार्थ्यांनी पिशव्या उचलल्या’ यात क्रियापद पिशव्यांच्या लिंगाने चालते, आणि परिणाम नामाचा की क्रियापदाचा हे वेगळे काढता येते. ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी जाईन’ ही वाक्ये बाई आणि पुरुष सारखीच बोलतात, कारण त्यांतही क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग दाखवत नाही. ‘मी जातो’, ‘मी जाते’ मात्र वेगळी. त्यातही कोल्हापूरकडच्या बोलीत मुली सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. स्वतःविषयीची धारणा क्रियापदाच्या रूपातून घडते असे म्हणणाऱ्याला आधी या मुलींचे बोलणे ऐकून घ्यावे लागेल, आणि असा प्रयोग मांडताना भाग घेणाऱ्यांची बोली नोंदवावी लागेल.