मागचा अ‍ॅक्सल आणि सस्पेन्शन बसवताना : आमचं किट घेणाऱ्यांसाठी माहिती

बॉक्स उघडलात की आधी सगळं जमिनीवर मांडून बघा. चार ट्रेलिंग लिंक, एक पॅनहार्ड रॉड, अ‍ॅक्सलच्या आणि चेसिसच्या ब्रॅकेट, रबर बुश, रॉड एंड (लिंकच्या टोकाला चूडीने बसणारे गोल सांधे), ८.८ ग्रेडचे नट-बोल्ट आणि दोन भोकं पाडलेल्या दोन लाल लोखंडी पट्ट्या. त्या पट्ट्या पॅकिंगचा भाग नाहीत, टाकून देऊ नका, सगळ्यात महत्त्वाचं काम त्यांचंच आहे. आणि हे पत्रक वाचून होईपर्यंत वेल्डरला बोलावू नका ही विनंती, कारण आम्हाला फोन येतात ते बहुतेक वेल्डिंग झाल्यावर येतात आणि मग ग्राइंडर मारण्याशिवाय काही हातात राहत नाही.

किट घरी बनवायच्या सेव्हन टाइपच्या गाडीसाठी आहे, म्हणजे इंजिन पुढे, ड्राइव्ह मागच्या चाकांना आणि मागे एकसंध अ‍ॅक्सल. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने १९५७ साली लोटस सेव्हन काढली ती अशीच होती, इंग्लंडमध्ये ती सुट्या भागांत घेतली की पर्चेस टॅक्स लागायचा नाही म्हणून लोकांनी घरच्या गॅरेजात उभ्या केल्या, आणि पुढे तिकडच्या हौशी लोकांनी जुन्या फोर्ड एस्कॉर्टचा अ‍ॅक्सल वापरून स्वतःच्या गाड्या बनवल्या. आपल्याकडे एस्कॉर्ट कुठून आणायची, म्हणून आमच्या ब्रॅकेट मारुती ऑम्नीच्या अ‍ॅक्सलवर बेतल्यात. ऑम्नीला मागे पाटे असतात, ते माणसं आणि माल भरलेल्या व्हॅनसाठी ठीक, तुमच्या साडेपाचशे-सहाशे किलोच्या गाडीला ते फार कडक पडतात, त्यामुळे पाट्यांच्या बैठका कापून काढायच्या आणि तिथे घासून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत साफ करायचं. भंगारातून अ‍ॅक्सल घेताना ट्यूबवर हातोडीने हलकं ठोकून बघा, कुठे गंजून पातळ झालेली वाटली तर तो अ‍ॅक्सल सोडा, वर कितीही छान रंग मारलेला असला तरी.

पाटे काढले की अ‍ॅक्सलला धरून ठेवणारं काहीच राहत नाही हे लक्षात घ्या. पाटे वजनही घेत होते आणि अ‍ॅक्सलला जागेवरही ठेवत होते. आता वजन घेणार शॉकअपवरची स्प्रिंग, पुढे-मागे सरकणं आणि अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर अ‍ॅक्सल पिळला जाणं हे रोखणार चार लिंक, आणि डावी-उजवीकडे सरकणं रोखणार एकटा पॅनहार्ड रॉड.

आता लाल पट्ट्या. गाडी तयार होऊन दोन माणसं आत बसल्यावर ज्या उंचीवर उभी राहणार ती उंची म्हणजे राइड हाइट, आणि सगळी मापं याच उंचीला घ्यायची. चेसिसखाली ठोकळे लावून ती त्या उंचीला लेव्हलमध्ये ठेवा, अ‍ॅक्सल घोड्यांवर घ्या आणि शॉकअपच्या जागी लाल पट्ट्या बोल्टने लावा, त्यांची लांबी शॉकअप राइड हाइटला जेवढा असतो तेवढीच आहे. आता चारही लिंक जमिनीला आणि एकमेकींना समांतर यायला पाहिजेत. लिंक तिरक्या राहिल्या तर वळणावर गाडी कलली की अ‍ॅक्सल स्वतःच थोडा वळतो आणि मागून कोणीतरी स्टिअरिंग फिरवल्यासारखं वाटतं.

अ‍ॅक्सल काटकोनात आहे का ते ओळंब्याने बघा. दोन्ही टोकांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करा, चेसिसच्या पुढच्या दोन पक्क्या बिंदूंखाली तशाच खुणा करा, आणि कर्ण मोजा. दोन कर्णांत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. फरक असेल तर खालच्या लिंकचे रॉड एंड फिरवून काढा, पण रॉड एंडची चूडी किमान १८ मिलिमीटर आत राहिलीच पाहिजे.

पिनिअनचा, म्हणजे डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या छोट्या गिअरचा, कोन बऱ्याच जणांकडून राहून जातो. गिअरबॉक्सचा मागचा फ्लँज आणि डिफरन्शियलचा फ्लँज एकमेकांना समांतर हवेत, मोबाइलवरच्या लेव्हलनेसुद्धा कळतं, फरक १ अंशाच्या आत ठेवा. नाहीतर स्पीड वाढला की गाडी थरथरते, माणसं टायर बॅलन्स करत बसतात आणि मूळ कारण प्रोपेलर शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांचे (क्रॉसचे) न जुळलेले कोन असतात.

पॅनहार्ड रॉड एका टोकाला चेसिसला आणि दुसऱ्या टोकाला अ‍ॅक्सलला, त्यामुळे चाक वर-खाली झालं की तो कंसात फिरतो आणि अ‍ॅक्सलला थोडं बाजूला ओढतो. आमचा रॉड ८०० मिलिमीटरचा आहे, राइड हाइटला तो आडवा असेल तर अ‍ॅक्सल ५० मिलिमीटर वर गेला तरी बाजूला सरकतो दीड मिलिमीटरच्या आसपास. तोच रॉड तुम्ही एक टोक ५० मिलिमीटर वर ठेवून तिरका बसवला तर चुकीच्या दिशेने तेवढ्याच हालचालीत साडेचार मिलिमीटरपेक्षा जास्त सरकतो. जागा नाही म्हणून रॉड कापून लहान करू नका, एक्झॉस्ट दुसरीकडून काढा.

हे सगळं जुळलं की ब्रॅकेटना फक्त टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारा. मग पट्ट्या काढा, स्प्रिंग न लावता अ‍ॅक्सल जॅकने पूर्ण वर, पूर्ण खाली, मग एकच बाजू वर असा फिरवून बघा. शाफ्ट टनेलला लागतो का, ब्रेकचा होज ताणला जातो का, लिंक ब्रॅकेटच्या कडेला घासते का. सगळं मोकळं असेल तरच पूर्ण वेल्ड, आणि त्याआधी ऑइल काढा, अ‍ॅक्सल शाफ्ट, बेअरिंग, सील बाहेर काढा. वेल्ड सलग ओढायचा नाही, इंचभर इकडे, इंचभर पलीकडे, मध्ये गार होऊ द्यायचं, नाहीतर ट्यूब वाकते आणि बेअरिंग लवकर जातं. ओतीव भागावर वेल्ड मारायचाच नाही.

बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करून, सीटवर तुमच्या वजनाइतकं वजन ठेवूनच टाइट करा. रबर बुशची आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट धरली जाते आणि रबर पिळलं जातं. चाकं लटकत असताना टाइट केलं तर गाडी उभी राहताच रबर पिळलेलं राहतं, गाडी उंच बसते आणि बुश थोड्याच दिवसांत फाटतात. १२ एमएमच्या बोल्टला ८० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क द्या. नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) एकदा काढला की नवीनच लावा.

ब्रेकचं एक सांगायचंय. ऑम्नीचे मागचे ड्रम भरलेल्या व्हॅनच्या हिशोबाचे आहेत, हलक्या गाडीत मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते, म्हणून मागच्या लाइनवर ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी करणारा) लावा आणि मोकळ्या जागेत हळू स्पीडला सेट करा. याच्याशिवाय गाडी कोणाच्या हातात देऊ नका, प्लीज.

किट आम्ही ट्रॅक आणि खासगी जागेवरच्या गाड्यांसाठीच विकतो. घरी बनवलेली गाडी रस्त्यावर आणायची तर केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेची टाइप मंजुरी लागते, आमच्या बिलावर पासिंग होत नाही.

स्प्रिंग किटमध्ये न देता वेगळ्या का देतो, तर प्रत्येकाची गाडी वेगळ्या वजनाची होते. शिवाय आमच्या ब्रॅकेटवर शॉकअप २० अंश तिरका बसतो, त्यामुळे १०० कडकपणाची स्प्रिंग चाकापाशी ८८ इतकीच पडते, अंदाजाने घेतलेली हमखास चुकते. गाडी चाकांवर उभी राहिली की चारही चाकांखालचं वजन, टाकीत अर्धं पेट्रोल आणि तुम्ही स्वतः सीटवर, असं मोजून आम्हाला पाठवा, त्यावरून स्प्रिंग काढून देतो, आणि पहिली जोडी कडक किंवा मऊ वाटली तर एकदा बदलून देतो.