शिक्षणसंस्थांमधील तांब्याच्या टेलिफोन लाइन बदलणे

शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठांच्या इमारतींना टेलिफोन एक्स्चेंजशी जोडणाऱ्या तांब्याच्या तारा सोडून त्यांचे काम फायबर, इंटरनेट किंवा मोबाइलच्या जाळ्यावर नेण्याची प्रक्रिया. सध्या अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ती जोरात चालू आहे. टेबलावरचा फोन बदलणे हा यातला सर्वांत सोपा भाग. अवघड आहे ते लिफ्टमधल्या आपत्कालीन फोनचे, आगीची सूचना देणाऱ्या पॅनेलचे, चोरीच्या अलार्मचे आणि विद्यापीठांच्या आवारात बटण दाबून मदत मागता येणाऱ्या निळ्या दिव्याच्या मदतखांबांचे. ही उपकरणे वर्षानुवर्षे त्याच तारांवर चालत आलेली असतात आणि कोणती लाइन कुठे जाते हे माहीत असलेला माणूस बहुधा निवृत्त झालेला असतो.

तांब्याच्या लाइनचा मोठा गुण म्हणजे ती आपली वीज आपल्यासोबत आणते. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या तारेच्या जोडीला ४८ व्होल्टचा डीसी पुरवठा करतात. त्यामुळे शाळेची वीज गेली तरी साधा फोन चालू राहतो. फायबरमधून वीज येत नाही. मोडेम, राउटर आणि फोन या सगळ्यांना जागेवरच पुरवठा लागतो. म्हणून नव्या व्यवस्थेत बॅटरी ही ऐच्छिक गोष्ट मानून चालत नाही. अमेरिकेतल्या अग्निसूचनेच्या ‘एनएफपीए ७२’ या मानकात पर्यायी वीजपुरवठ्यासाठी सर्वसाधारणपणे २४ तासांची अट आहे.

दुसरी अडचण जुन्या पॅनेलच्या भाषेची. ती नियंत्रण केंद्राला फोन लावून सुरांच्या संकेतांत निरोप देतात. इंटरनेटवरच्या कॉलमध्ये डेटा वाचवण्यासाठी आवाज आकुंचित (कॉम्प्रेस) करून पाठवला, तर माणसाचे बोलणे कळते, पण हे सूर बिघडतात आणि आगीचा निरोप अर्धवट पोहोचतो. त्यामुळे साधी इंटरनेट फोनसेवा घेऊन पॅनेल तिला जोडणे धोक्याचे ठरते. एक मार्ग म्हणजे पॅनेलला थेट मोबाइल जाळ्यावरून संदेश पाठवणारे यंत्र बसवणे. दुसरा म्हणजे ४-जी सिमवर चालणारी, बॅटरी असलेली आणि जुन्याच सॉकेटवर डायलटोन देणारी पेटी. तळघरात किंवा लिफ्टच्या काँक्रीटच्या खोबणीत रेंज मिळत नाही, तिथे अँटेना बाहेर काढावा लागतो.

अमेरिकेत शाळांवर पहिला आर्थिक दाब आला तो ‘ई-रेट’ योजनेतून. शाळा आणि ग्रंथालयांच्या दळणवळण खर्चाला सवलत देणाऱ्या या योजनेने २०१४ च्या निर्णयानुसार फोनसेवेची सवलत दरवर्षी २० टक्के-बिंदूंनी उतरवत नेली आणि पैसा ब्रॉडबँडकडे वळवला. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाचा (एफसीसी) आदेश आला. ‘२ ऑगस्ट २०२२ पर्यंत सगळ्या तांब्याच्या लाइन बंद करा’ असा त्याचा अर्थ विक्रेते सर्रास सांगतात. तो चुकीचा आहे. मोठ्या कंपन्यांनी आपल्या साध्या फोनलाइन प्रतिस्पर्धी कंपन्यांना नियंत्रित दराने द्याव्यात, हे बंधन त्या आदेशाने उठवले आणि संक्रमणासाठी तीन वर्षे दिली. लाइन बंद करण्याची सक्ती झाली नाही, पण जुनी लाइन स्वस्तात मिळण्याची वाट अरुंद झाली. कॅलिफोर्निया वगळता आपल्या बहुतांश क्षेत्रातून २०२९ अखेर तांबे काढण्याचे एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने जाहीर केले आहे.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२३ पासून जुन्या लाइनची नवी विक्री थांबली. जुने जाळे डिसेंबर २०२५ मध्ये बंद होणार होते. घरच्या फोनलाइनवरून मदत मागणाऱ्या वृद्ध आणि आजारी लोकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न समोर आल्यावर ती मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे गेली. ही सबुरी योग्यच होती.

विद्यापीठांच्या बाबतीत एक फरक महत्त्वाचा आहे. इमारती-इमारतींमधले तांबे बहुधा विद्यापीठाच्या मालकीचे असते. कंपनीने बाहेरची लाइन काढली म्हणून आतली केबल निकामी होत नाही. जुन्या तारा नव्या जाळ्याशी जोडणारे योग्य यंत्र (गेटवे) बसवून मदतखांब तिच्यावरच चालवता येतात आणि खोदाईचा मोठा खर्च टळतो.

तांब्याच्या लाइनचा पत्ता ठरलेला असे. इंटरनेट फोन मात्र उचलून दुसऱ्या इमारतीत नेता येतो. म्हणून अमेरिकेत ‘रे बॉम्स ॲक्ट’खालील नियमांनी आपत्कालीन कॉलसोबत पत्ता, आणि गरजेप्रमाणे मजला वा खोली, कळवणे आवश्यक केले. ‘कॅरीज लॉ’नुसार १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसवलेल्या अंतर्गत फोनव्यवस्थांतून, बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ न दाबता, थेट ९११ हा आपत्कालीन नंबर लावता आला पाहिजे. वर्गातल्या घाबरलेल्या मुलाला हे आधीचे बटण आठवेलच असे नाही.

कामाची सुरुवात बिलांपासून होते. बिलावरचा प्रत्येक नंबर प्रत्यक्ष उपकरणापर्यंत शोधला जातो. ज्याचा पत्ता लागत नाही, ती जोडी संकेत सोडून तपासतात. नवी जोडणी झाल्यावर इमारतीची वीज मुद्दाम बंद करून लिफ्टमधून कॉल लावतात, पॅनेलचा निरोप पोहोचला का ते नियंत्रण केंद्राकडून खात्री करून घेतात, आणि मगच जुनी लाइन सोडायचा अर्ज देतात.

भारतात या बदलाचे रूप निराळे आहे. महाराष्ट्रातल्या बऱ्याच महाविद्यालयांत आतला कारभार ईपीएबीएक्स (संस्थेचे स्वतःचे छोटे एक्स्चेंज) आणि इंटरकॉमवर चालतो, तर बाहेरची बीएसएनएलची लाइन फायबरवर जात आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण भागातल्या सर्व सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेट या सरकारी ग्रामीण ब्रॉडबँड प्रकल्पातून ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. भारनियमन असलेल्या गावात त्या जोडणीसोबत बॅटरीची तरतूदही हवी.