सेरामपूर सिनेट
भारतातल्या अनेक प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या (चर्च) आपल्या पाळकांचे (धर्मोपदेशकांचे) शिक्षण ज्या सामाईक व्यवस्थेतून करतात, ती सेरामपूर महाविद्यालयाची सिनेट. सेरामपूर (बंगालीत श्रीरामपूर) हे हुगळीकाठचे गाव. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरशी त्याचा संबंध नाही. मराठीशी मात्र जुना आहे. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) याच गावच्या मिशन छापखान्यातले, आणि त्यांमागे वैजनाथ पंडितांची मदत होती.

कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या तिघा बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये महाविद्यालय काढले. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. २३ फेब्रुवारी १८२७ रोजी राजा सहावा फ्रेडरिक याने सनद देऊन पदव्या बहाल करण्याचा अधिकार दिला. १८४५ मध्ये वसाहत इंग्रजांना विकली गेली तेव्हाही तहात हा अधिकार राखला गेला. तरी सनदेनंतर पहिली बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, ईश्वरविद्येची पदवी) मिळायला ८८ वर्षे लागली. ती १९१५ साली दिली गेली. १९१८ च्या बंगाल कायद्याने सिनेट अस्तित्वात आली आणि कारभारात इतर पंथांना जागा मिळाली. एका पंथाच्या हाती असलेला अधिकार सर्वांसाठी खुला झाला, ही या इतिहासातली निर्णायक घटना.

पुढे बंगळूरचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज (स्थापना १९१०), कोलकात्याचे बिशप्स कॉलेज, चेन्नईचे गुरुकुल, कोट्टयमची ऑर्थोडॉक्स आणि मार थोमा (केरळातली एक मंडळी) सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी विद्यालये, अशा संस्था सिनेटशी जोडल्या गेल्या. महाराष्ट्रात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे; ती १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात बिबवेवाडीला आली. कॅथलिक धर्मगुरूंचे शिक्षण या व्यवस्थेबाहेर, त्यांच्या स्वतंत्र संस्थांत होते.

कामाची वाटणी नीट समजून घ्यावी लागते. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी सिनेटकडे. अध्यापन आणि वसतिगृह महाविद्यालयाकडे. उमेदवाराची निवड आणि पाळकीय दीक्षा त्याच्या स्वतःच्या मंडळीकडे. उमेदवार आधी आपल्या मंडळीची शिफारस मिळवतो, मग प्रवेश घेतो. आठवडाभर वर्ग, रविवारी नेमून दिलेल्या मंडळीत उपदेश, शब्बाथशाळा, घरभेटी. पदवी मिळाली म्हणजे दीक्षा मिळाली असे नाही. अनेक मंडळ्या आधी उमेदवारीचा काळ ठेवतात. ही रेघ स्पष्ट असते तोवर सहकार्य टिकते. महाविद्यालय दीक्षेविषयी बोलू लागले, किंवा मंडळी परीक्षेच्या निकालात हात घालू लागली, की बिघाड होतो.

वर्गात पंथभेदाचा त्रास कमी. बायबलमधल्या जुन्या आणि नव्या करारांचा अभ्यास, हिब्रू आणि ग्रीक, मंडळीचा इतिहास हे विषय सर्वांना एकत्र शिकता येतात. स्वतःच्या पंथाची उपासनापद्धती आणि शिस्त मात्र वेगळ्या तासांना, त्याच पंथाच्या शिक्षकाने शिकवावी. हे तास वेळापत्रकातून गळले की विद्यार्थी परत गेल्यावर अडखळतो, आणि दोष एकत्र शिक्षणाला दिला जातो. खरी कसोटी लागते ती बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या) वेळी. बॅप्टिस्ट लोक शिशुबाप्तिस्मा मानत नाहीत. ऑर्थोडॉक्स इतर पंथांसोबत प्रभुभोजन घेत नाहीत. यावर सर्वांना चालेलसा नवा गुळमुळीत विधी बनवण्यापेक्षा एकेका पंथाचा पूर्ण विधी आळीपाळीने करावा आणि ज्याला भाग घेता येत नाही त्याला संकोच न वाटता बसू द्यावे. त्याने एकमेकांच्या पंथाची ओळख खरी होते.

उच्च शिक्षणासाठी कोट्टयमचा नमुना पाहण्यासारखा आहे. ऑर्थोडॉक्स, मार थोमा आणि दक्षिण भारत मंडळी (सीएसआय) यांच्या तीन सेमिनरींनी एम.टीएच. (ईश्वरविद्येची पदव्युत्तर पदवी) आणि संशोधनासाठी संयुक्त विद्याशाखा उभी केली. प्रत्येकीची स्वतंत्र ओळख कायम राहिली.

सर्वांत मोठी अडचण भाषेची. बी.डी. मुख्यतः इंग्रजीतून शिकवली जाते, उपदेश मराठीत करायचा असतो. 'नीतिमान ठरवणे' (देवाने पापी माणसाला निर्दोष मानणे) ही कल्पना इंग्रजी पुस्तकातून शिकलेला पदवीधर विदर्भातल्या खेड्यात ती कशी उलगडावी या विचारात पडतो. म्हणून मराठी बायबलमधून वाचन आणि मराठीतून उपदेशाचा सराव पहिल्या वर्षापासून हवा. शेवटच्या वर्षी सुरू केला तर उशीर होतो.

नोकरी आणि संसार सोडून वसतिगृहात राहू न शकणाऱ्यांसाठी दूरशिक्षणाचा मार्ग आहे. ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन सेमिनरीने १९६३ मध्ये पाळकीय शिक्षणासाठी तो सुरू केला. भारतात १९७१ पासून बंगळूरची टाफ्टी ही आंतरपंथीय संस्था तो चालवते. विद्यार्थी घरी पुस्तकातले धडे सोडवतो आणि ठरावीक दिवशी छोट्या गटात चर्चेला येतो. मार्गदर्शकाने त्या बैठकीत धडा पुन्हा शिकवायचा नसतो. तो शिकवू लागला की दोन-तीन आठवड्यांत लोक घरी वाचणे सोडतात. त्याने मंडळीतला एखादा खरा प्रश्न पुढे ठेवावा, उदाहरणार्थ दोन पंथांतल्या मुलामुलीचे लग्न कोणत्या विधीने लावायचे, आणि धड्याच्या आधारे गटाला उत्तर शोधू द्यावे.