पाणी लहान होत नाही: मॉडेल रेल्वेशेजारचं माळरान

डोंगर लहान करता येतो, पूल लहान करता येतो, इंजिन तर तळहातावर मावेल इतकं लहान करता येतं. पाणी मात्र लहान करता येत नाही. मॉडेल रेल्वेच्या शेजारी उघडं माळरान उभं करायला घेतलं की हे लगेच जाणवतं. काय लहान होतं, काय होत नाही आणि जे होत नाही त्याचं करायचं काय, या प्रश्नांची उत्तरं ज्याला सापडली त्याचा देखावा खरा वाटतो. महागडं सामान आणून तो खरा वाटत नाही.

ब्रिटनमधल्या हौशी मंडळींना असा देखावा करायचा असतो तेव्हा ती बहुधा मूर निवडतात. मूर म्हणजे उंचावरचं, वाऱ्यापावसाचं, जवळजवळ झाडं नसलेलं ओलं माळरान. इंग्लंडच्या उत्तरेला सेटल ते कार्लाइल हा रेल्वेमार्ग अशाच मुलुखातून जातो. 1876 साली तो प्रवाशांसाठी खुला झाला. त्यावरच्या रिबलहेड पुलाला 24 कमानी आहेत, उंची सुमारे 32 मीटर आणि लांबी 400 मीटर. तिकडे सर्वात जास्त चालणाऱ्या 1:76 या प्रमाणात, म्हणजे सगळं 76 पट लहान करून आणि रुळांमध्ये 16.5 मिलिमीटर अंतर ठेवून, हा पूल करायचा म्हटलं तर उंची 42 सेंटिमीटर होते आणि लांबी सव्वापाच मीटर. आपल्याकडच्या बहुतेक घरांत हॉल संपतो, पूल संपत नाही. म्हणून पूल आखूड करावा लागतो. माळरान आखूड केलं तर मात्र ते माळरान राहत नाही, बाग होते. मूरची खरी अडचण ही मोकळीक आहे. झाडांआड, घरांआड लपवायला काही नसतं.

बेळगावच्या माणसाला हा मुलूख परका वाटू नये. खानापूरहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाकडे जाताना लागणारे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारं, आठवा. तिथंही उघडा माथा, पातळ माती, पावसाळाभर साचलेलं पाणी आणि कडेला एकदम सुरू होणारं रान. दोन्हीकडे झाडं का नाहीत, हे कळल्याशिवाय दोन्हीपैकी एकही देखावा नीट करता येणार नाही.

मूरवर पाऊस जास्त, ऊन कमी, निचरा जवळपास नाही. अशा जागी स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं. ते आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरून ठेवू शकतं आणि भोवतीचं पाणी आम्लधर्मी करतं. साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन नाही, त्यात आम्लता, त्यामुळे मेलेली वनस्पती कुजत नाही. ती थरावर थर साचत जाते. हे साचलेलं म्हणजे पीट. वर्षाला साधारण एक मिलिमीटर या वेगानं ते वाढतं, म्हणजे माणसाच्या उंचीएवढा थर व्हायला दीड-दोन हजार वर्षं जातात. अशा भिजलेल्या, सत्त्वहीन जमिनीत मोठं झाड मूळ धरत नाही. जिथं धरू शकलं असतं तिथंही माणसानं हजारो वर्षांपूर्वीपासून रान तोडलं, जाळलं आणि पुढं मेंढ्या चारल्या.

सड्यावरही सत्त्व नाही, पण कारण वेगळं. युगानुयुगं पाऊस खडकातून झिरपत गेला, सिलिका आणि विरघळणारी द्रव्यं वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागं राहिली. हाच जांभा. पीट मात्र इथं साचत नाही, कारण पावसाळा सरला की सडा वाळून तापतो आणि जे वाढलं होतं ते सुकून, कुजून, वाऱ्यावर जातं. आणि तरीही दोन्हीकडे एकाच कुळातली वनस्पती भेटते. जमिनीतून नायट्रोजन मिळत नाही म्हणून पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरून खाणारा ड्रॉसेरा, म्हणजे आपला दवबिंदू, मूरवरही आहे आणि सड्यावरही. मला हे साम्य फार मोलाचं वाटतं. दोन जमिनींची हलाखी किती सारखी आहे, ते यावरून कळतं.

आता कामाला लागू. पाया थर्माकोलचा. तो चिकटवायला फेव्हिकॉलच वापरा. रबरी द्रावणातले चिकटपदार्थ थर्माकोल विरघळवतात आणि टेकडीत खड्डा पडतो. वर जुन्या सुती कापडाचे किंवा बँडेजचे तुकडे पीओपीच्या पातळ रबडीत बुडवून अंथरायचे. गणपतीच्या दिवसांत बेळगावात पीओपी कुठंही मिळतं. जिप्सम तापवून त्यातलं बरंचसं पाणी काढलं की ही पावडर होते. पाणी परत मिळालं की ती पुन्हा जिप्सम बनते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि गोळा कडक होतो. त्या वेळी हाताला ऊब लागते ती याच अभिक्रियेची. रबडी घट्ट व्हायला लागल्यावर वरून पाणी घालून ती पातळ करू नका, गुंतत आलेले स्फटिक मोडतात आणि थर भुसभुशीत राहतो.

उतार किती ठेवायचा? इथं निसर्ग आपल्या बाजूनं आहे. कोरड्या वाळूचा किंवा खडीचा ढीग साधारण 30 ते 35 अंशांवर स्थिरावतो आणि हा कोन ढिगाच्या आकारावर जवळपास अवलंबून नसतो. म्हणजे डोंगरपायथ्याचा घसरलेल्या दगडांचा उतार करायचा असेल तर बारीक चाळलेली खडी वरून सोडा आणि ती जिथं थांबेल तिथं चिकटवा. हातानं आखलेल्या उतारापेक्षा हा उतार शंभरदा खरा दिसतो.

खडकाचंही बऱ्याच अंशी असंच. बेसाल्टचा लहान तुकडा आणि मोठा कडा यांच्या भेगा सारख्याच दिसतात. म्हणून तर भूवैज्ञानिक फोटो काढताना खडकावर हातोडी किंवा नाणं ठेवतात. पण जांभ्याचं गणित उलटं आहे. सड्यावरून जांभ्याचा सुंदर तुकडा आणून मॉडेलवर ठेवला तर तो जांभा दिसतच नाही. त्यातलं एक सेंटिमीटरचं भोक 1:76 प्रमाणात 76 सेंटिमीटरचं होतं, सड्यावर रांजण पुरल्यासारखं. खऱ्या भोकाचं मॉडेलवरचं माप निघतं 0.13 मिलिमीटर, म्हणजे डोळ्याला फक्त किंचित खरखर दिसायला हवी. बारीक पॉलिश पेपर किंवा वस्त्रगाळ भुकटी इथं खऱ्या दगडापेक्षा खरी ठरते. भुकटीसाठी मी जुनं फुटकं कौल सुचवेन. खानापूर भागात कौलं आणि मडकी यांचं काम जुनं आहे, तुकड्यांना तोटा नाही. कौलाचा लाल रंग आणि जांभ्याचा लाल रंग, दोन्हींच्या मागं लोहाची ऑक्साइडंच आहेत. त्यामुळे रंग जुळवत बसावं लागत नाही. मूरसाठी ही भुकटी चालणार नाही. तिथं उघडी पडलेली माती पीटची, म्हणजे काळपट तपकिरी, आणि वर आलेला खडक करडा.

गवत हा या कामातला सर्वात रंजक भाग. दिवाळीत बेळगावच्या गल्ल्यांतून मुलं किल्ले करतात, त्यावर मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ उगवतात. शिवरायांच्या किल्ल्यावर ती शोभते, पण तीन सेंटिमीटरचा मोहरीचा अंकुर मॉडेल रेल्वेच्या हिशेबात सव्वादोन मीटर उंच होतो. पूर्वी लोक रंगवलेला लाकडाचा भुसा पसरायचे. त्यानं जमीन हिरवी दिसते, पण गवत उभं दिसत नाही. आता नायलॉनचे दोन ते बारा मिलिमीटर लांबीचे तंतू मिळतात आणि ते विजेच्या स्थिर भारानं उभे केले जातात.

यंत्र साधं असतं: तळाशी धातूची जाळी असलेला डबा आणि बॅटरीवरून काही हजार व्होल्ट तयार करणारं सर्किट. एक तार जाळीला, दुसरी तार ओल्या फेव्हिकॉलमध्ये खुपसलेल्या खिळ्याला. ओल्या फेव्हिकॉलमधून वीज थोडीफार वाहते, त्यामुळे सगळा चिकट पृष्ठभाग दुसरं टोक बनतो. जाळीतून पडणारा तंतू भारित होतो आणि विद्युतक्षेत्राच्या रेषेला समांतर होत खाली झेपावतो. या रेषा पृष्ठभागाला काटकोनात भिडतात, म्हणून तंतू उभाच रुततो. सारख्या भाराचे तंतू एकमेकांना ढकलतात, त्यामुळे झुपके न होता अंतर राखलं जातं. उतारावर तंतू उताराला काटकोनात उभे राहतात, खरं गवत मात्र आकाशाकडे वाढतं. तेव्हा तीव्र उतारावर नंतर वरून हलकी फुंकर किंवा ब्रश फिरवावा लागतो. पावसाळ्यात बेळगावची हवा इतकी दमट असते की भार टिकत नाही, तंतूंचे गोळे होतात. हे काम कोरड्या दिवसांसाठी राखून ठेवलेलं बरं. काही जण डास मारायच्या रॅकेटचं सर्किट काढून असं यंत्र घरी करतात. त्यातला कपॅसिटर बंद केल्यावरही भार धरून राहतो आणि जोरदार झटका देतो. मुलांच्या हाती ते देऊ नका.

लांबीचा हिशेब डोक्यात ठेवा. दोन मिलिमीटरचा तंतू म्हणजे 15 सेंटिमीटर गवत, मेंढ्यांनी खाल्लेलं. सहा मिलिमीटरचा म्हणजे 46 सेंटिमीटर, ओल्या जागी गुडघ्यापर्यंत वाढलेलं मोलिनिया नावाचं गवत. एकच लांबी आणि एकच हिरवा रंग पसरला की लॉन होतं. मूर बहुतेक वर्ष हिरवा नसतोच. हिवाळ्यात मोलिनिया फिकट पेंढ्याच्या रंगाचं होतं, ब्रॅकन नावाचा नेचा शरद ऋतूत गंजाच्या रंगाला येतो, आणि हीदरची झुडपं काळपट तपकिरी दिसतात. हीदरचा प्रसिद्ध जांभळा रंग ऑगस्ट-सप्टेंबरपुरता. तोही सलग नसतो, कारण पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेल्या मूरवर हीदर पट्ट्यापट्ट्यानं जाळतात. कुठं कोवळी, कुठं म्हातारी, कुठं नुकती जळलेली जमीन. हे ठिगळकाम दाखवलं की देखाव्याला इतिहास येतो.

कोणतं रोप कुठं, हे पाणी ठरवतं. खोलगट ओल्या जागी स्फॅग्नम आणि पांढऱ्या बोंडांचं कापूसगवत. जरा निचरा असेल तिथं हीदर. खोल मातीच्या उतारावर ब्रॅकन. आधी पीओपीच्या टेकडीवर पाण्याचे थेंब सोडून ते कुठं जातात ते पाहा, पेन्सिलीनं खुणा करा आणि मग रंग निवडा. सड्यालाही हेच लागू: खळग्यात गेंद आणि सीतेची आसवं, भेगेत गवत, उघड्या कातळावर काहीच नाही. फक्त खरी रोपं उपटून आणू नका. सड्यावरची माती बोटभर असते, तिला तो धक्का सोसत नाही. फोटोवरून रंग जुळवा.

रेल्वेच्या अभियंत्यांनाही पाण्याचं हे राज्य मान्य करावं लागलं होतं. स्कॉटलंडमधल्या रॅनॉक मूरवर 1894 साली खुला झालेला मार्ग काही ठिकाणी अक्षरशः तरंगता आहे. पीटचा तळ लागेना, तेव्हा झाडांची मुळं, फांद्यांचे भारे, माती आणि राख यांचे थर टाकून त्यावर रूळ घातले. 1830 च्या लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गासाठी जॉर्ज स्टीफन्सननं चॅट मॉस या दलदलीत असंच केलं होतं. तेव्हा अशा मॉडेलमध्ये भरावाच्या दोन्ही बाजूंना चर आणि त्यात काळं पाणी हवंच.

आणि पाण्यापाशी आलो की लहान करण्याचं गणित थांबतं. पाण्याच्या पृष्ठताणामुळे काठाशी दोन-तीन मिलिमीटरचा बाक येतो. 1:76 मध्ये तो 15 ते 23 सेंटिमीटरचा होतो, डबक्याला जणू पाण्याचीच वरंडी. तीन मिलिमीटरचा थेंब 23 सेंटिमीटरचा गोळा होतो. वाहणाऱ्या पाण्याचा वेगही चुकतो. गुरुत्वाकर्षण तेवढंच राहतं, त्यामुळे 76 पट लहान धबधबा सुमारे पावणेनऊपट लवकर खाली पोहोचतो आणि खेळणं वाटतो. म्हणून खरं पाणी वापरतच नाहीत. रेझिन, म्हणजे ओतल्यावर कडक होणारा पारदर्शक द्रव, पातळ थरांत ओततात. पीटमधून आलेलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं, तेव्हा रेझिनमध्ये तपकिरी रंगाचा अगदी थोडा अंश आणि तळाला काळा रंग. खोली रंगानं भासवायची, रेझिन दोन-तीन मिलिमीटर पुरे.

तोच पृष्ठताण रुळांखालच्या खडीलाही छळतो. पाच सेंटिमीटरचा दगड इथं 0.66 मिलिमीटरचा होतो. या कणांवर पातळ फेव्हिकॉल सोडला की तो आत न शिरता मण्यासारखा गोल होऊन खडी उधळतो. आधी पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालून फवारा, मग फेव्हिकॉल सोडा. तो लगेच झिरपतो.

मागच्या पडद्याकडे बरेच जण दुर्लक्ष करतात आणि मूरवर तेच सर्वात महागात पडतं. एक मीटर खोल टेबल म्हणजे जेमतेम 76 मीटर जमीन. उरलेली सगळी मोकळीक रंगवूनच आणायची आहे. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, त्यामुळे दूरची रांग निळसर आणि फिकी होत जाते, बाष्प असेल तर पांढरट. चोर्ल्याच्या कड्यावरून एकामागं एक दिसणाऱ्या डोंगररांगा पाहा, प्रत्येक रांग आधीच्यापेक्षा एक पायरी फिकी. क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असतं, तेव्हा मॉडेल कुठून पाहिलं जाणार हे आधी ठरवा. रंगही बाहेर पाहून जुळवले तसे आत दिसत नाहीत. दुपारच्या उन्हात प्रकाश लाख लक्सच्या घरात, खोलीत काही शे. गडद तपकिरी तिथं काळा होतो, म्हणून सगळे रंग थोडे उजळ घ्यावे लागतात, आणि ज्या दिव्याखाली मॉडेल राहणार त्याच दिव्याखाली मिसळावे लागतात.

ही सगळी तयारी झाल्यावर इंग्लंडचाच मूर करायला हवा असं नाही. लोंढा, तिनईघाट, कॅसलरॉक हा मार्ग हाताशी आहे. कॅसलरॉकहून गोव्यातल्या कुळेकडे उतरणारा घाट 37 ला एक इतका तीव्र, म्हणजे टेबलावर दर मीटरला 2.7 सेंटिमीटर उतार. चार-पाच डबे लहान इंजिन ओढू शकेल. 1990 च्या दशकापर्यंत इथं मीटरगेज, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर होतं. 1:87 या दुसऱ्या प्रमाणात ते 11.5 मिलिमीटर येतं आणि बाजारात तयार मिळणारा 12 मिलिमीटरचा रूळ त्याला जवळजवळ बरोबर बसतो. घाट रानाचा आहे, पण वरच्या अंगाला एक सडा कल्पनेनं जोडायला जागा आहे. महिना मात्र आधी पक्का करा. सप्टेंबर धरला तर खळग्यांत पाणी, जांभळी-पिवळी फुलं, पावसानं काळवंडलेला जांभा आणि पांढरट आभाळ. फेब्रुवारी धरला तर कौलाच्या भुकटीचा लाल, वाळलेल्या गवताचा पिवळा, रेझिनची बाटली कपाटात, आणि रुळांच्या कडेला वणव्यानं जळालेला एक काळा पट्टा.